शेवंतीला अंधार लागतो

खंडेरावने करकचून ब्रेक मारला तेव्हा शुभांगी निकुंभचं कपाळ जीपच्या पुढच्या लोखंडी दांडीवर आपटलं. आवाज चांगला मोठा झाला. बॉनेटवर घातलेला झेंडूचा हार घसरून रस्त्यावर पडला, आडवी आलेली मेथीच्या जुड्यांची हातगाडी आपल्या चालीने पलीकडे गेली, आणि गाडीवाल्याच्या खानदानाची यथास्थित चौकशी करून झाल्यावर खंडेरावने मान वळवून विचारलं, "मॅडम, लागलं का?" प्रश्न साधा होता. पहिलीतल्या पोरालाही उत्तर देता यावं असा. शुभांगीला मात्र ते देता येईना. लागलं का? तिने कपाळावर बोटं फिरवली. कपाळ जागेवर होतं, बोटंही जागेवर होती, पण त्या दोघांत काही बोलणं होत नव्हतं. "बघते," ती म्हणाली. विभागीय अधिकारी झाल्यापासून तुंबलेल्या गटारांना, कोरड्या नळांना आणि अतिक्रमणाच्या तक्रारींना ती हेच उत्तर देत आली होती. आज स्वतःच्या कपाळालाही तेच मिळालं. खंडेराव खाली उतरला, हार उचलून झटकला आणि पुन्हा बॉनेटवर घातला. "रक्त नाय आलं, बरं झालं," तो म्हणाला. "खंडेनवमीला गाडीनं रक्त काढू नाय." मग त्याने गिअर टाकला आणि जीप पुन्हा कार्यालयाबाहेरच्या त्याच रस्त्याला लागली, ज्याच्या शेवटी कॉलनीचं सभागृह होतं आणि चार वाजताची बैठक होती.

सकाळी कार्यालयात हत्यारांची पूजा झाली होती. पालिकेची हत्यारं म्हणजे ही जीप, एक टायपरायटर, दोन कॉम्प्युटर, डासांसाठी धूर सोडायचं मशीन आणि अतिक्रमण पथकाचा घण. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना फुलं. फुलं गोटीराम खोड्याने आणली होती, स्वतःच्या मळ्यातली, पाटीभर पिवळीधमक शेवंती. पाटी त्याने शुभांगीच्या टेबलावर ठेवली तेव्हा खालचे कागद ओले झाले. "पैला तोडा हाय, मॅडम. तुमच्यामुळंच आला," तो म्हणाला. गोटीराम सरळ माणूस. त्याला काही सुचवायचं नव्हतं, टोचायचं नव्हतं; फूल आलं, म्हणून तो ते घेऊन आला होता. तिने एक फूल उचलून नाकाशी नेलं. शेवंतीला जो उग्र, थोडा कडवट वास असतो, तो तिला आठवत होता, येत नव्हता. तिने विचारलं, "गोटीराम, कळी धरल्यावरही अंधार लागतो का हो शेवंतीला?" त्याने टोपी काढून पुन्हा घातली. "तसं मग चालतं," तो म्हणाला. "एकदा कळी धरली का उजेडाचं काय नाय. पर तुम्ही काय बोलल्या नाय, म्हून आम्हीबी नाय बोललो." म्हणजे त्या दिवशी मळ्याच्या रस्त्यावर अंधाराची कोणालाच गरज नव्हती. हे ऐकून माणसाच्या पोटात खड्डा पडायला हवा. शुभांगीने वाट पाहिली. खड्डा पडला नाही. तिने ओले कागद बाजूला केले आणि शिपायाला पाटी खाली ठेवायला सांगितली.

झालं होतं ते असं. पितृपक्षात, दिवेलागण होऊन गेल्यावर, संध्या नावाची कारखान्यातली मुलगी ओव्हरटाइम करून मळ्याच्या रस्त्याने घरी येत होती. रस्त्यावरचे दिवे बंद होते. अंधारात दोघांनी तिला गाठलं आणि गळ्यातली साखळी ओढली. पोरीने साखळी सोडली नाही. तेव्हा त्यांनी तिला ढकललं आणि तिचं डोकं पाटाच्या मोरीच्या दगडावर आदळलं. ते दोघं कोण, हे अजून कोणाला माहीत नाही. मळ्यावर राहणारी झुंबरबाई ओरडणं ऐकून धावली, तिनेच दिवे लावले, तिनेच संध्याचं डोकं मांडीवर घेतलं. शुभांगीला फोन आला तेव्हा ती जेवत होती. "बरं," ती म्हणाली, कोणता दवाखाना ते विचारलं, फोन ठेवला आणि ताटात उरलेली अर्धी भाकरी संपवली. नवरा समोर बसला होता. "शुभा, तू जेवतेयस," तो म्हणाला. तो असं म्हणाला तेव्हा तिला कळलं की आपण जेवतो आहोत. दुसऱ्या दिवशी ती सरकारी दवाखान्यात गेली. संध्याचं डोकं पांढऱ्या पट्ट्यांत होतं आणि डोळे उघडे होते. ते शुभांगीवर आले, थोडे थांबले आणि भिंतीकडे गेले, भिंत आणि माणूस सारखंच असल्यासारखे. संध्याची आई रंगूबाई खाटेच्या पायाशी बसली होती. रडून झालेलं होतं तिचं. ती अगदी शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्ही दिवे लावले म्हून तर पोरीला ओव्हरटाइम करू दिला." शुभांगीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. हाताखाली खांदा आहे एवढं तिला समजत होतं. खांद्यावर किती वेळ हात ठेवायचा असतो याचा ती विचार करत होती.

जीप मळ्यांना वळसा घालून चालली होती. सातपूरकडून येणाऱ्या बसच्या थांब्यापासून नव्या कॉलन्यांपर्यंत चालत जायला मळ्यांमधून ही एकच वाट. दोन्ही बाजूंना माळ्यांचे मळे, कोबी, मेथी, गुलछडी, शेवंती. मध्ये पाट आणि पाटावरची मोरी. कारखान्यांत पॅकिंगला, असेंब्लीला जाणाऱ्या बायकांची ही रोजची पायाखालची वाट होती. काही वर्षं इथे काय काय व्हायचं ते बायका सांगत नसत. पदर गळ्याभोवती घट्ट घेऊन, घोळक्याने, भराभर चालत. मग सुरक्षा समिती निघाली. पोलीस, पालिका आणि नागरिक यांनी मिळून गुन्हे होण्याआधीच थांबवायचे, अशी कल्पना होती आणि कल्पना वाईट नव्हती. पहिल्या बैठकीला शुभांगी गेली तेव्हा मागच्या रांगेतली एक बाई उठून नुसती म्हणाली, "मॅडम, आम्हाला काय नको, उजेड द्या." ते ऐकून शुभांगीच्या अंगावर काटा आला होता. हे तिला पक्कं आठवतं, कारण त्यानंतर तसा काटा आल्याचं दुसरं काही आठवत नाही. सिंहस्थासाठी आणलेल्यांतले काही खांब उरले होते. ते मिळवायला ती तीन टेबलांवर जाऊन भांडली, आणि पावसाळा सरता सरता मळ्याच्या रस्त्यावर दिवे आले. बायकांनी तिची ओटी भरली. एकीने तिच्या गालावरून बोटं ओवाळून कानशिलावर कडाकडा मोडली होती.

त्या वर्षी गोटीरामच्या शेवंतीला खांबांच्या आसपास फूल धरलंच नाही. लांब, अंधारात, शेत पिवळं झालं आणि प्रत्येक खांबाखाली हिरवी गोल थारोळी उरली; झाडं धष्टपुष्ट, कमरेएवढी, पण कळी नावाला नाही. गोटीराम तिला बांधावर घेऊन गेला. "उजेडात शेवंती झोपत नाय, मॅडम. तिला वाटतं अजून दिवसच हाय. अंधार लागतो तिला. झोपली नाय तर कळी धरत नाय," तो म्हणाला होता, आणि हे सांगताना एखाद्या लेकीची तक्रार सांगावी तसा ओशाळला होता. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं आणि बायकांचंही खोटं नव्हतं. शुभांगीला तेव्हा डोकं लढवायला आवडायचं. तिने तोडगा काढला. दिव्यांचा खटका वायरमनकडून गोटीरामच्या मळ्यावरच्या झोपडीपाशी आणून दिला. झोपडीत सुरगाण्याकडून आलेली झुंबरबाई आणि तिचा नवरा मंगळू राहायचे; भात लावून झाला की डोंगरातून उतरायचे आणि गोटीरामचा मळा राखायचे. कामावरच्या बायका सकाळी झोपडीवरून जाताना हाक द्यायच्या, "झुंबरबाई, चालले गं!" प्रत्येक हाकेला झुंबरबाई एका पत्र्याच्या डब्यात एक खडा टाकायची. संध्याकाळी परतताना त्याच बायका पुन्हा हाक द्यायच्या, "झुंबरबाई, आले गं, मनीषा!" "आले गं, संध्या!" आणि एकेक खडा बाहेर निघायचा. डबा रिकामा झाला की सगळ्या बायका घरी पोचल्या. मग खटका खाली, रस्ता अंधारात, शेवंती झोपायला मोकळी.

या डब्याची काय कौतुकं झाली! शुभांगी पुण्याच्या कार्यशाळेत बोलली, तिथे पडद्यावर झुंबरबाईचा डबा दाखवला गेला, आणि पांढऱ्याशुभ्र इस्त्रीच्या शर्टातल्या एका साहेबांनी याला लोकसहभागाचं प्रारूप म्हटलं. एका वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात डबा शुभांगीच्या हातात होता आणि झुंबरबाई कडेला अर्धीच आली होती. हळूहळू तिला सगळीकडून बोलावणी येऊ लागली; महिला मंडळं, हळदीकुंकू, शाळेची गॅदरिंगं. ती तेच भाषण करायची. बायांनो, उजेडात चाला, एकमेकींची नावं घ्या. पहिल्यांदा बोलताना घशात आवंढा यायचा. नंतर आवंढा यायच्या जागी ती सवयीने थांबायची, आणि ऐकणाऱ्यांना वाटायचं आवंढाच आला. कधीपासून तो थांबा नुसता थांबाच उरला, तिला सांगता येणार नाही. माणसाचं असं काही एका दिवशी जात नाही. नळाचं पाणी जसं आधी बारीक होतं, मग थेंब, मग नुसता फुसफुस आवाज, आणि आपण तरी रोज तोटी फिरवत राहतो, तसं काहीतरी झालं असावं. घरी नवऱ्याशी ती नीट बोलायची. सणवार करायची. आई गेली तेव्हा तिने पाहुण्यांच्या चहाचं उत्तम बघितलं होतं.

आज सकाळी, पूजा आटोपून ती जिना उतरत होती तेव्हा मनीषाने तिला अडवलं होतं. मनीषा संध्याची मैत्रीण, एकाच टेबलावर पॅकिंग करणारी. कारखान्यात पूजा म्हणून लवकर सुटलेली, नवी साडी, केसांत गजरा, आणि चेहरा मात्र चार दिवस न झोपलेला. "मॅडम, एक मिनिट," ती म्हणाली आणि जिन्याच्या कोपऱ्यात, पिचकाऱ्यांनी रंगलेल्या भिंतीपाशी, भडाभडा बोलली. "त्या दिवशी मी आवाज दिला झुंबरबाईला. मी न् संध्या, असा. संध्या मागं राहिली होती ना, बूथवर. फोन करायला. मला म्हटली, तू जा पुढं, माझं नाव घे, मी आलेच. आम्ही कंपनीत नाय का एकमेकीचं कार्ड पंच करत, मॅडम, तसंच घेतलं हो मी नाव. मला काय माहिती डबा रिकामा होईल." शुभांगीने विचारलं, "फोन कोणाला?" मनीषाने खाली पाहिलं. "राजूला. वर्कशॉपमध्ये असतो. मॅडम, तिचं लग्न ठरलंय निफाडला, दिवाळीनंतर. हे कळलं तर मोडंल. ती उद्या बरी झाली तर कुठं तोंड दाखवंल? तिच्या आईला तर हार्टचं आहे. तुम्ही कोणाला बोलू नका. तुम्हाला देवाची शपथ आहे." शुभांगीने विचारलं, "मग मला कशाला सांगितलंस?" मनीषाला याचं उत्तर लगेच आलं. "कोणाला तरी सांगायला पाहिजे होतं ना," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर ओझं उतरल्याची हलकी कळा आली आणि गजरा सावरत ती गेली सुद्धा. ते ओझं आता शुभांगीकडे आलं असणार. पर्समध्ये कोणी काही ठेवून गेलं आणि पर्स तेवढीच हलकी लागली तर जसं चाचपून पाहावं, तसं ती दिवसभर आतून चाचपत होती.

सभागृह भरलेलं होतं. स्टेजवर पांढऱ्या कापडाचं टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि प्रत्येक खुर्चीपुढे शेवंतीचा एकेक गुच्छ. समितीचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते, त्यांनी पुढे होऊन तिला खुर्ची दिली आणि म्हणाले, "मॅडम, कपाळाला काय झालं? टेंगूळ आलंय." ती म्हणाली, "काही नाही, गाडीत." शेजारी पोलीस इन्स्पेक्टर बसले होते, तरुण, सभ्य, बोलण्यात अदब. खाली सतरंजीवर बायका. त्यांत मनीषा, भिंतीला टेकून, मांडीवर हात घट्ट धरून. रंगूबाई दवाखान्यात होती. गोटीराम मागे उभा होता, टोपी हातात घेऊन. आणि दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ, झुंबरबाई उकिडवी बसली होती. तिच्या बाजूला हवालदार, पुढ्यात तिचं बोचकं. मंगळूला कालच चौकशीसाठी चौकीवर नेलं होतं आणि तो अजून परतला नव्हता, हे शुभांगीला इन्स्पेक्टरांनीच कानाशी वाकून सांगितलं. "मारहाण वगैरे काही नाही हां, मॅडम," ते पुढे म्हणाले. तिने विचारलं नव्हतं.

इन्स्पेक्टर बोलायला उभे राहिले. त्यांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, की दिवा अवेळी बंद होणं ही साधी गोष्ट नाही. दिवा बंद होणं ही खूणही असू शकते. ही मंडळी बाहेरची. सीझनला येतात, सीझन संपला की जातात. त्यांच्यामागे कोण येतं, कोण राहतं, आपल्याला काय ठाऊक. आणि ओरडणं ऐकून सगळ्यांत आधी तिथे पोचली ती हीच बाई. बसलेल्या माणसांत एक हुंकार फिरला. दहा दिवस लोकांना कोणावर तरी चिडायचं होतं आणि आता जागा मिळाली होती. अध्यक्ष म्हणाले, "तिलाच विचारू ना. लोकशाही आहे. काय गं, दिवा का बंद केलास?"

झुंबरबाई उभी राहिली. काळीसावळी, चिवट, पन्नाशीची बाई. लुगड्याचा काष्टा आवळलेला. एवढ्या माणसांपुढे बोलायची तिला सवय नव्हती, पण प्रश्न तिला अवघड वाटला नाही. "डबा रिता झाला," ती म्हणाली. "डबा रिता झाला म्हंजे बाया गेल्या. मंग मी त दिवा मालवला."

"पण संध्या गेलीच नव्हती ना!" कोणीतरी ओरडलं.

"तिचाबी खडा काढला मी. आवाज आला ना. मी न् संध्या, असा आवाज आला."

"कोणाचा?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

झुंबरबाईने बायकांमध्ये शोधलं. तिला कसला संशय नव्हता, राग नव्हता. विचारलं म्हणून ती दाखवत होती. "मनीषाबायचा. ती बसली आहा ना, तिचा."

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. मनीषाच्या गजऱ्यातलं एक फूल गळून खांद्यावर पडलेलं शुभांगीला स्टेजवरून दिसत होतं. मनीषाने खाली बघतच मान हलवली. "मी माझं एकटीचं नाव घेतलं," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण सभागृहात दुसरा आवाज नव्हता. झुंबरबाई बुचकळ्यात पडली. तिने पुन्हा एकदा सांगून पाहिलं, "नाय गं बाय, दोघींचं घेतलंस," पण तोवर लोक उसळले होते. बघा, पोरीवर ढकलतेय. बघा, तोंड वर करून बोलतेय. हवालदाराने झुंबरबाईच्या दंडाला धरून तिला खाली बसवलं. इन्स्पेक्टरांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं आणि शुभांगीकडे वळून आदराने म्हणाले, "निकुंभ मॅडम, ही योजना तुमची. आपण दोन शब्द बोलावेत."

ती उभी राहिली. आता ह्या सभागृहात खरं काय ते माहीत असलेल्या तिघी होत्या. एक भिंतीशी मान खाली घालून बसली होती, एकीवर कोणाचा विश्वास नव्हता आणि तिसरी माइकपुढे होती. सांगायचं तसं थोडंच होतं. मनीषाने आज सकाळी मला जिन्यात सांगितलं, की तिने दोघींचं नाव घेतलं होतं. एवढं एक वाक्य, की झुंबरबाई सुटते, मंगळू संध्याकाळपर्यंत मळ्यावर परततो. आणि त्या एका वाक्यानंतर लोक विचारणार, मग संध्या कुठे होती? बूथवर. कोणाशी बोलत होती? पट्ट्यांमधले ते उघडे डोळे तिच्यापुढे आले, आणि निफाडची माणसं आली, आणि रंगूबाई. एका पारड्यात ही पोर, दुसऱ्यात ही बाई. शुभांगीने दोन्हींकडे पाहिलं आणि दोन्हींसाठी तिच्या आत काही हललं नाही. नुसता एक संथ, सपाट विचार चालू होता, की यातून नीट कसं निघायचं. तिने माइक जवळ घेतला. ती म्हणाली, "मित्रहो, झालं ते अतिशय वाईट झालं. कोणा एका गरीब बाईला दोष देऊन उपयोग नाही. दिव्यांची वेळ, डब्याची पद्धत, सगळं मी ठरवलेलं आहे. या सगळ्याची जबाबदारी विभागीय अधिकारी म्हणून माझी आहे. पूर्णपणे माझी आहे." आणि जिथे आवंढा यायचा तिथे ती थांबली.

तेवढ्या थांब्यात तिला त्र्याण्णव साल आठवलं. मुंबईतल्या दंगलींनंतर इथेही मोहल्ल्यामोहल्ल्यांत शांतता समित्या निघाल्या होत्या आणि ती नोकरीत नवी होती. जुन्या गावातल्या एका बोळात एका म्हातारीने तिचा हात धरून विचारलं होतं, "बाई, आज रात्री झोपलं तर चालेल ना?" शुभांगी म्हणाली होती, झोपा आजी, आम्ही आहोत, आणि घरी जाऊन स्वतः सबंध रात्र डोळा न लावता पडून राहिली होती. सकाळी तिचे सुजलेले डोळे बघून साहेब हसले होते. चांगले होते ते साहेब, चहा स्वतःच्या खिशातून पाजणारे. "अहो निकुंभबाई, अशानं तुम्ही पेन्शनपर्यंत पोचायच्या नाहीत," ते म्हणाले होते. "सभेत उभं राहायचं आणि सगळी जबाबदारी माझी म्हणायचं. लोकांना बरं वाटतं. कोणी कधी धरून विचारत नाही, आणि आपल्याला रात्री झोप लागते." तेव्हा तिला त्यांचा राग आला होता. साहेब खोटं सांगत नव्हते, एवढं आता तिला दिसलं. बारा वर्षांत हे वाक्य तिने किती सभांत म्हटलं असेल! आज मात्र त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि तो ओळखू यायची काही सोय उरली नव्हती.

टाळ्या पडल्या. आधी अध्यक्षांनी वाजवल्या, मग पुढच्या रांगेने, मग सगळ्या सभागृहाने. "हा मॅडमचा मोठेपणा आहे," अध्यक्ष माइकवर वाकून म्हणाले. "वरिष्ठ अधिकारी असून खालच्या माणसाची चूक स्वतःवर घेतात. असे अधिकारी आज बघायला मिळत नाहीत." इन्स्पेक्टरही टाळ्या वाजवत होते. मनीषाने मान वर केली होती. तिचे डोळे भरून आले होते आणि तीही वाजवत होती, जोरजोरात. शुभांगी उभीच होती. अजून वेळ गेलेली नाही, तिला कळत होतं. हात वर करायचा, टाळ्या थांबवायच्या, साधं बोलायचं. कळत होतं, आणि तोंड मिटलेलंच होतं. मग, कुठून कोण जाणे, तिला भीती वाटली. ती कोणाची नव्हती. ही शांतता अशीच राहील, उद्या दसऱ्याला आपण सोनं वाटू आणि ते हाताला लागणारही नाही, याची होती. तिने दाराकडे पाहिलं. झुंबरबाईला शुद्ध मराठीतलं ते बोलणं सगळं उमजलं नसावं. पण मॅडम आपल्यासाठी उठून बोलल्या, गरीब बाई म्हणाल्या, आणि ते ऐकून एवढी माणसं खूश झाली, हे तिने पाहिलं होतं. तिचा चेहरा सुटला होता, सगळं मिटल्यासारखा. आता मंगळूला सोडतील. तिने पुढ्यातलं बोचकं बाजूला सारलं, लुगड्याला हात पुसले, आणि स्टेजकडे बघत, मान हलवत, सगळ्यांबरोबर तीही टाळ्या वाजवू लागली. तिच्याशेजारी हवालदार उभा होता. टाळ्या संपल्या की तिला उठवून न्यायचं होतं, म्हणून तो थांबला होता.